मैदानावरचे गुरुजी : सय्यद अब्दुल रहीम

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर आदिलाबाद मागे टाकले की थोड्याच अंतरावर इचोडा लागते. या गावाचा आणि आसपासच्या मराठी घरांचा विसाव्या शतकातील इतिहास जुन्या हैदराबाद संस्थानाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या चार भाषा बोलणारा आमचा आदिलाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा याच जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि उरलेला भाग आंध्र प्रदेशात राहिला. पुढे २०१४ साली तो तेलंगणात आला. राज्यांच्या सीमा अशा बदलत गेल्या, तरी ज्या संस्थानात आपल्या आजोबा-पणजोबांनी आयुष्य काढले, त्यातील थोर माणसे ही आपलीही माणसे आहेत. शताब्दी ग्रंथात त्यांचे स्मरण ठेवणे हे ग्रंथालयाचे कर्तव्यच होय.

अशा माणसांपैकी एक म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात त्यांचे स्थान अढळ आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ अशी दोन वेळा आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदके मिळविली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. परंतु रहीम हे मुळात शाळामास्तर होते. मैदानावर त्यांनी जे केले, ते एका शिक्षकाने केले, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या कार्याचे मर्म कळत नाही. महाविद्यालयाच्या संघात ते जे शिकले, तेच त्यांनी पुढे शाळेतील मुलांना, पोलीस खात्यातील शिपायांना आणि शेवटी देशाच्या संघाला शिकविले.

महाविद्यालयाचा संघ

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्यांचे बालपण सरले तो काळ संस्थानात शिक्षणाच्या नव्या सोयी उभ्या राहण्याचा होता. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून देण्याचा मोठा प्रयोग तेथे सुरू झाला होता आणि त्यासाठी निरनिराळ्या शास्त्रांवरील ग्रंथांची भाषांतरे करणारे स्वतंत्र खाते स्थापन झाले होते. मराठवाड्यातील आणि आदिलाबादकडील मराठी मुलांना घरी मराठी व शिक्षणात उर्दू अशी कसरत करावी लागे, ती याच व्यवस्थेमुळे. रहीम याच विद्यापीठात शिकले. विद्यापीठाच्या फुटबॉल संघात त्यांची निवड झाली आणि एक कुशल खेळाडू म्हणून शहरात त्यांचे नाव होऊ लागले.

मुसी नदीच्या काठी सिटी कॉलेजची भव्य इमारत आजही उभी आहे. या कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा ‘इलेव्हन हंटर्स’ नावाचा एक संघ होता. रहीम या संघातून खेळले. पुढे कमर क्लब या त्या काळच्या नामांकित संघाकडूनही ते मैदानात उतरले.

विद्यार्थ्यांचा संघ आणि पगारी खेळाडूंचा संघ यांत एक मोठा फरक असतो. फुटबॉल हा आपल्याकडे पावसाळ्यातला खेळ. शाळा-कॉलेजे उघडावीत, पहिल्या सरींनी मैदान मऊ व्हावे आणि संघाची जुळवाजुळव सुरू व्हावी, असा तो हंगाम असे. परंतु मागच्या वर्षी उत्तम खेळलेला गडी या वर्षी परीक्षा देऊन निघून गेलेला असतो. त्याच्या जागी नवखा मुलगा येतो. दर हंगामात संघ नव्याने बांधावा लागतो. एखाद्या अलौकिक खेळाडूच्या भरवशावर राहणाऱ्या कॉलेजच्या संघाची तो खेळाडू गेल्यावर वाताहत होते. याउलट ज्या संघाला खेळण्याची पद्धत ठाऊक असते, त्याचे खेळाडू बदलले तरी खेळ बदलत नाही. रहीम यांनी पुढील आयुष्यात व्यक्तीपेक्षा पद्धतीला जे महत्त्व दिले, त्याचे मूळ या विद्यार्थिदशेतील हंगामांत शोधले तर ते चुकीचे ठरू नये.

मास्तरकीची वर्षे

पदवी घेतल्यावर रहीम यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा येथील माध्यमिक शाळा, उर्दू शरीफ शाळा, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा हैदराबादमधील शाळांत त्यांनी अध्यापन केले. मध्यंतरी त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका संपादन केली आणि नंतरच्या शाळांत खेळांचा विभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला. वर्गात फळ्यासमोर उभे राहून मुलांना विषय समजावून देण्याची सवय असलेला हा माणूस मैदानावरही तीच शिस्त घेऊन गेला. आरडाओरडा करण्यापेक्षा समजावून सांगण्यावर त्यांचा भर असे. खेळाडूचा स्वभाव पाहून त्याच्याशी बोलण्याची हातोटी त्यांना साधली होती.

१९४० नंतरच्या वर्षांत हैदराबाद फुटबॉल असोसिएशनच्या चिटणीसपदाची धुरा त्यांच्याकडे आली. टेनिस, क्रिकेट, हॉकी अशा अनेक खेळांत चमकलेले सय्यद महंमद हादी हे त्या संस्थेचे अध्यक्ष होते. रहीम यांनी हे चिटणीसपद अखेरपर्यंत सांभाळले. संघटनेचे काम म्हणजे कागदपत्रे, पंच, मैदाने, वर्गणी आणि वाद यांचे काम. त्यात लौकिक थोडा आणि कष्ट फार. पण मुले लहान असतानाच त्यांना योग्य वळण लावता यावे, या हेतूने त्यांनी या पदाचा उपयोग करून घेतला.

त्यांच्या काही कल्पना आजही नवलाच्या वाटतात. बहुतेक खेळाडूंचा एक पाय तरबेज आणि दुसरा दुबळा असतो. उजव्या पायाचा गडी डाव्या बाजूने आलेला चेंडू आधी उजव्या पायाकडे वळवून घेतो आणि तेवढ्या क्षणात प्रतिस्पर्धी त्याच्यावर येऊन आदळतो. हा दोष घालविण्यासाठी रहीम यांनी दुबळ्या पायानेच खेळायच्या स्पर्धा भरविल्या. दुसरी कल्पना त्याहून निराळी. पायात चेंडू घोळवीत एकट्यानेच पुढे जाण्याची हौस आपल्याकडील खेळाडूंना फार. प्रेक्षकही त्यालाच दाद देत. रहीम यांनी चेंडू घोळविण्यास बंदी असलेले सामने खेळविले. चेंडू आला की लगेच सहकाऱ्याकडे द्यायचा आणि आपण मोकळ्या जागेकडे धाव घ्यायची, एवढेच त्यात करता येई. माणूस कितीही वेगाने धावला तरी चेंडू त्याच्याहून वेगाने जातो, हे साधे सत्य मुलांच्या अंगात मुरविण्याचा हा मार्ग होता. याची पुढची पायरी म्हणजे चेंडू हाती येण्याआधीच तो कोणाकडे द्यायचा हे ठरलेले असणे. म्हणजे पायांइतकेच डोळ्यांचे आणि डोक्याचे शिक्षण झाले.

१९५० चा हंगाम

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. रझाकारांच्या अत्याचारांच्या आणि नंतरच्या उलथापालथीच्या आठवणी आदिलाबाद-मराठवाड्यातील घराघरांत होत्या. हैदराबाद शहरानेही भय आणि अनिश्चितता अनुभवली होती. अशा वेळी, १९५० साली, रहीम यांच्याकडे हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षकपद आले. पुढे मृत्यूपर्यंत, म्हणजे १३ वर्षे, ते या संघाचे गुरू राहिले.

त्या वर्षीच्या हंगामाने हैदराबादचे नाव देशभर निराळ्याच कारणासाठी दुमदुमले. मुंबईच्या कुपरेज मैदानावर होणारी रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील अत्यंत मानाची स्पर्धा होती. हैदराबाद पोलिसांनी ती जिंकली. पाठोपाठ दिल्लीला ड्युरँड स्पर्धा झाली. १९४० नंतर खंडित झालेली ही स्पर्धा स्वतंत्र भारतात प्रथमच भरत होती. अंतिम फेरीत पोलिसांची गाठ कलकत्त्याच्या बलाढ्य मोहन बगानशी पडली. पहिला सामना बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात पोलिसांनी १-० असा विजय मिळविला. कलकत्ता हे भारतीय फुटबॉलचे माहेरघर समजले जाई. दक्षिणेतील एका पोलीस संघाने एकाच हंगामात मुंबई आणि दिल्ली अशी दोन मैदाने मारावीत, ही गोष्ट क्रीडारसिकांना चकित करणारी होती.

हे यश एका वर्षापुरते राहिले नाही. १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद पोलिसांकडेच राहिला. ड्युरँड चषक त्यांनी पुन्हा १९५४ व १९५७ मध्ये जिंकला आणि आंध्र पोलीस या नव्या नावाने १९६१ मध्येही तो मिळविला. ५ वर्षांत खेळाडू बदलतात, दुखापती होतात, दैव फिरते. तरीही विजय टिकला, याचे श्रेय पद्धतीला द्यावे लागते. अझीझुद्दीनसारखा भक्कम बचावपटू, नूर महंमदसारखा मध्यफळीत अखंड राबणारा खेळाडू असे मोहरे या संघातूनच देशाच्या संघात गेले. मुंबईच्या मराठी प्रेक्षकांनी कुपरेजवर या संघाचा खेळ वर्षानुवर्षे पाहिला.

देशाचा संघ

मार्च १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. भारतीय फुटबॉल संघ रहीम यांच्याकडे सोपविण्यात आला होता. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असे हरविले आणि अंतिम सामन्यात पंडित नेहरूंच्या उपस्थितीत इराणला १-० असे नमविले. साहू मेवालाल यांनी तो निर्णायक गोल केला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला मिळालेले ते सुवर्णपदक होते.

परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचा युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दारुण पराभव झाला. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत असत. आपल्याकडील कोरड्या, उबदार मैदानावर जे कौशल्य वाटे, ते उत्तरेकडील थंड आणि ओल्या गवतावर निरुपयोगी ठरले. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट घालणे सक्तीचे केले. रहीम यांनी मात्र यातून बुटांपलीकडचा धडा घेतला. त्याच स्पर्धेत हंगेरीच्या संघाने सुवर्णपदक मिळविले होते आणि पुढच्या वर्षी त्याच संघाने इंग्लंडला लंडनमध्ये ६-३ असे हरवून फुटबॉलच्या जगाला हादरा दिला. हंगेरीचा मधला आघाडीपटू प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ उभा न राहता मागे येऊन खेळे. त्याच्यावर नजर ठेवणारा बचावपटू गोंधळून त्याच्यामागे जाई आणि त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेत इतर खेळाडू घुसत. रहीम यांनी या खेळाचा बारकाईने अभ्यास केला. जुन्या रचनेत मागे २ बचावपटू आणि पुढे ५ आघाडीपटू असत. ती सोडून रहीम टप्प्याटप्प्याने ४ बचावपटू, २ मध्यरक्षक आणि ४ आघाडीपटू या आधुनिक रचनेकडे वळले. १९५८ ची विश्वचषक स्पर्धा ब्राझीलने जिंकल्यावर ही रचना जगभर प्रसिद्ध पावली. हैदराबादचा हा शाळामास्तर त्या प्रवाहाच्या मागे राहिलेला नव्हता.

मेलबर्नचे दिवस

खेळाडू पारखण्याची रहीम यांची दृष्टी विलक्षण होती. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा वस्तीत तुळशीदास बलराम हा गरीब घरचा मुलगा राहत असे. रहीम यांनी त्याचा खेळ पाहिला आणि त्याला सरावासाठी शहरात बोलावले. रोज एवढ्या दूर येण्याजाण्याची त्याची ऐपत नव्हती. तेव्हा भाड्याच्या सायकलीसाठी रहीम यांनीच त्याला पैसे दिले. पुढे हा बलराम भारताच्या सर्वकालीन श्रेष्ठ आघाडीपटूंत गणला गेला. हुशार पण गरीब विद्यार्थ्याची फी स्वतःच्या खिशातून भरणारे शिक्षक आपल्या भागातही होऊन गेले. रहीम यांची जात तीच.

१९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकसाठी जो संघ निवडला गेला, त्यात बलराम, अझीझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन असे अनेक हैदराबादी खेळाडू होते. बंगालचे समर बॅनर्जी हे कर्णधार, प्रदीपकुमार ऊर्फ पी. के. बॅनर्जी उजव्या बगलेवर, मुंबईचा नारायण गोलरक्षक आणि मुंबईतच नावारूपाला आलेला गोमंतकीय नेव्हिल डिसोझा मध्य-आघाडीला, असा तो संघ होता. सोव्हिएत फौजा मायदेशात घुसल्यामुळे हंगेरीने माघार घेतली आणि भारताला पुढची चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. नेव्हिलने त्या सामन्यात ३ गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला.

उपान्त्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाशी गाठ होती. ४ वर्षांपूर्वी ज्या संघाने १० गोल चढविले, त्याच संघाला भारताने मध्यंतरापर्यंत गोलशून्य रोखले आणि उत्तरार्धात नेव्हिलच्या गोलामुळे आघाडीही घेतली. नंतर युगोस्लाव्हियाने सामना ४-१ असा जिंकला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० अशी मात केली. तरीही ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला. हेलसिंकी ते मेलबर्न हे अंतर ४ वर्षांचे. त्या ४ वर्षांत एका संघाने किती शिकावे, याचा तो दाखला होता.

याच सुमारास हैदराबाद संघाने १९५६-५७ आणि १९५७-५८ असे लागोपाठ दोन वेळा राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष चषक जिंकला. दोन्ही वेळा अंतिम फेरीत मुंबई पराभूत झाली. राज्यपुनर्रचनेमुळे हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे होत असतानाच त्या नावाचा संघ देशात अव्वल ठरावा, हा योगायोग आमच्या भागातील लोकांच्या मनाला चटका लावून जाणारा होता.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या वाट्याला हंगेरी, फ्रान्स आणि पेरू असा कठीण गट आला. हंगेरीकडून संघ केवळ १-२ असा हरला. फ्रान्सविरुद्ध पी. के. बॅनर्जी यांच्या गोलाने आघाडी घेतली होती. सामना संपायला काही मिनिटे उरली असता फ्रान्सने बरोबरी साधली. पेरूविरुद्धचा सामना १-३ असा गेला. पदक मिळाले नाही. परंतु युरोपातील मातब्बर संघांशी बरोबरीच्या नात्याने झुंजणारा भारतीय संघ जगाने पाहिला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारत खेळला तो त्यानंतर आजतागायत पुन्हा नाही.

अखेरचा हंगाम

१९६२ साली जाकार्ता येथे चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा रहीम ५३ वर्षांचे होते आणि आजाराने त्यांचे शरीर पोखरले जात होते. तशाही अवस्थेत ते संघाबरोबर गेले. चुनी गोस्वामी कर्णधार होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. त्यानंतर थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण त्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ जर्नैलसिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. जपानला २-० असे हरवून भारत उपान्त्य फेरीत आला.

येथे रहीम यांनी एक धाडसी निर्णय घेतला. डोक्याला जखम असलेल्या जर्नैलला बचावफळीत खेळविणे धोक्याचे होते. त्याला संघाबाहेर बसवावे, तर त्याची ताकद आणि जिद्द वाया जाणार. त्यांनी त्याला पुढे, मध्य-आघाडीला नेले. कॉलेजच्या दिवसांत जर्नैल त्या जागी खेळलेला होता, असे सांगतात. उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारताने ३-२ असा विजय मिळविला. चुनी गोस्वामींनी २ आणि जर्नैलने १ गोल केला.

मैदानाबाहेरचे वातावरण मात्र तापले होते. इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना इंडोनेशियाने प्रवेश नाकारला होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी त्याला आक्षेप घेतल्यामुळे तेथील लोक भारतावर संतापले. जमाव भारतीय दूतावासावर चालून गेला. भारतीय खेळाडूंना बाहेर वावरणे अवघड झाले. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने आजारी होता. अशा स्थितीत अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीम यांनी आपल्या खेळाडूंकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, ही आठवण त्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितली आहे. इतकी वर्षे देत आलेल्या गुरूने प्रथमच काही मागितले होते.

४ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे १ लाख प्रेक्षकांनी भरलेल्या सेनायन स्टेडियममध्ये भारतीय संघ उतरला. प्रतिस्पर्धी पुन्हा दक्षिण कोरिया. जवळजवळ सारे स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होते. भारताच्या बाजूने आवाज उठविणाऱ्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तापातून उठलेला थंगराज गोलात उभा राहिला. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी आणि २० व्या मिनिटाला जर्नैलने गोल केला. अखेरच्या टप्प्यात कोरियाने एक गोल फेडला. पण भारताने २-१ असा विजय मिळविला. त्या संघात पंजाबचा जर्नैल होता, गोव्याचा फॉर्च्युनातो फ्रँको होता, हैदराबादचे युसूफ खान, बलराम आणि थंगराज होते, बंगालचे चुनी गोस्वामी आणि अरुण घोष होते. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या या मुलांना एका शिक्षकाने एकच खेळ शिकविला होता.

मायदेशी परतल्यावर रहीम यांचा आजार बळावला. तो फुप्फुसाचा कर्करोग होता. ११ जून १९६३ रोजी त्यांनी देह ठेवला. जाकार्ताच्या विजयाला तेव्हा ९ महिनेच झाले होते.

त्यांच्यामागे

रहीम गेले आणि भारतीय फुटबॉलचा तो बहराचा काळही हळूहळू ओसरला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या खेळाडूंच्या बळावर काही काळ यश मिळत राहिले. १९६५-६६ मध्ये आंध्र प्रदेशाने संतोष चषक जिंकला. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धांत भारताने कांस्यपदक मिळविले, तेव्हा कर्णधार हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन होता आणि प्रशिक्षकांपैकी एक होते रहीम यांचे शिष्य पी. के. बॅनर्जी. त्यानंतर आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे एकही पदक भारताच्या वाट्याला आलेले नाही. हैदराबाद शहर एकेकाळी देशाच्या संघाला निम्मेअधिक खांब पुरवीत असे. तेथील फुटबॉलची रया पुढे गेली आणि मैदानांवर क्रिकेटचे राज्य आले.

या उतरणीची कारणे अनेक आहेत. आशियातील इतर देशांनी प्रशिक्षण, आहार आणि व्यावसायिक स्पर्धा यांत झपाट्याने प्रगती केली. आपण जुन्या व्यवस्थेतच राहिलो. पण आणखी एक कारण विचारात घेण्यासारखे आहे. शाळेतील मुलगा, क्लबचा संघ, पोलिसांचा संघ, राज्याची संघटना आणि देशाचा संघ या साऱ्या पायऱ्या रहीम या एका माणसाने जोडून ठेवल्या होत्या. चिटणीस तेच, शिक्षक तेच आणि प्रशिक्षकही तेच. तो माणूस गेला, तेव्हा पायऱ्या सुट्या झाल्या. ज्याने आयुष्यभर व्यक्तीपेक्षा पद्धत मोठी असे शिकविले, त्याच्याच जाण्याने पद्धत खिळखिळी व्हावी, हे दुर्दैव होय. त्याचा दोष गुरूकडे जात नाही. त्याच्या पद्धतीला संस्थेचे रूप देण्याची जबाबदारी मागे राहिलेल्यांची होती.

रहीम यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हे १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघात होते. पुढे त्यांनी आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक म्हणून नाव मिळविले. २०१७ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. सायकलीच्या भाड्यापासून सुरुवात केलेले बलराम फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले. २०२४ साली रहीम यांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला आणि साठ वर्षांनंतर त्यांचे नाव पुन्हा घरोघरी पोचले. अनेक तरुणांनी ते नाव तेव्हा प्रथमच ऐकले.

आपल्या ग्रंथालयाच्या सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी या चरित्रातून काय घ्यावे? ग्रंथालय हीदेखील कॉलेजच्या संघासारखीच संस्था आहे. वाचक येतात, शिकतात, नोकरीधंद्यासाठी नागपूर-हैदराबादकडे निघून जातात. कार्यकर्ते थकतात, काळाच्या पडद्याआड जातात. कपाटे उघडणारे हात दर पिढीला बदलतात. एखाद्या कर्तबगार माणसाच्या जोरावर संस्था काही वर्षे उत्तम चालते. पण तो गेल्यावरही तिचे दार वेळेवर उघडले जावे, नवी पुस्तके नोंदली जावीत आणि शाळेतल्या मुलाला पहिले पुस्तक हाती मिळावे, यासाठी शिस्त आणि पद्धत लागते. शंभर वर्षे टिकलेल्या संस्थेला हे सांगण्याची गरज नाही, असे कोणी म्हणेल. परंतु जाकार्ताच्या सुवर्णपदकानंतरही लोकांना तसेच वाटले असेल.

सय्यद अब्दुल रहीम यांनी आयुष्यभर जी मुले हाताशी आली त्यांच्यातूनच संघ उभा केला. इचोडा आणि परिसरातील शाळांची मैदाने आजही पावसाळ्यात हिरवी होतात आणि मुले तेथे चेंडूमागे धावतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती या थोर शिक्षकाची जीवनकथा आपल्या ग्रंथालयातून जावी आणि त्याच्या शिक्षकांनीही ती वाचावी, एवढ्याच अपेक्षेने त्यांच्या स्मृतीस हे अभिवादन.